माळ बदलला की चंडोल बदलतो

कासच्या पठारावर डोक्याला टोकदार तुरा असलेला मातकट चंडोल दिसतो. म्हसवडच्या माळावरही तुरेवाला मातकट चंडोलच दिसतो. मधला रस्ता शंभर-सव्वाशे किलोमीटरचा, जिल्हा एकच, पण पक्षी दोन. कासवरचा मलबार चंडोल, माणदेशातला साइक्सचा चंडोल. पुस्तकातली चित्रं शेजारी शेजारी ठेवली की फरक कळतो. मलबार चंडोल अंगानं थोडा मोठा, छातीवर गडद रेघा दाट आणि ठळक. साइक्सचा लहान, रंगानं जास्त तांबूस, छातीवरच्या रेघा बारीक आणि मोजक्या. प्रत्यक्षात मात्र पक्षी चाळीस पावलांवर असतो, ऊन डोळ्यांवर येत असतं आणि तो नेमका पाठ करून बसलेला असतो. अशा वेळी निम्मं काम पायाखालची जमीन करते.

हा साइक्स म्हणजे कर्नल विल्यम हेन्री साइक्स. त्यानं १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली, त्या वेळी या चंडोलाचं शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा झालं. म्हणजे हा आपल्या मुलखाचाच पक्षी. दख्खनच्या कोरड्या माळाबाहेर त्याची फारशी ओळख नाही, आणि खरं सांगायचं तर माळावरच्या लोकांनाही तो नुसता ‘चंडोल’ एवढाच माहीत असतो.

रानवाटेवर नवख्यांचं घोडं अडतं ते इथंच. पक्षी दिसला की पिसं बघायला लागतात, फूल दिसलं की पाकळ्या मोजायला बसतात. आपण उभे कुठं आहोत आणि महिना कोणता, हे आधी विचारलं तर पुस्तकातली बरीचशी पानं उघडावीच लागत नाहीत. सातारा-सांगलीत तर हे विचारलंच पाहिजे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात दहिवडी-म्हसवडकडे तो पाचशेच्या आसपास येऊन थांबतो. सांगलीतही तेच: पश्चिमेला शिराळा आणि चांदोलीचं ओलं जंगल, पूर्वेला आटपाडी-जतचा कोरडा माळ. एवढ्याशा अंतरात पाऊस इतका उतरतो, त्यामुळे झाडं, गवतं, पाखरं सगळी पट्ट्यापट्ट्यानं बदलत जातात. अख्ख्या महाराष्ट्रासाठी केलेलं पुस्तक हा उतार दाखवत नाही. तो आपला आपल्याला डोक्यात ठेवावा लागतो.

बुलबुलाचंच घ्या. पूर्वेच्या गावांत, बांधावरच्या बोरी-बाभळीत दिसतो तो बहुतेक वेळा लालबुड्या: काळं डोकं, अंगावर खवल्यांसारखी नक्षी, उडाला की कमरेवर पांढरा डाग. घाटाकडं सरकलं की शिपाई बुलबुल वाढत जातो: ताठ काळी शेंडी, पांढरा गाल आणि डोळ्यामागं लाल ठिपका. सातारा शहर या दोन्हींच्या शिवेवर आहे, त्यामुळे यवतेश्वरच्या वाटेला दोघंही भेटतात. आता घोटाळा कुठं होतो? शेपटीखालचा लाल रंग दोघांनाही असतो. ‘खाली लाल दिसलं, म्हणजे लालबुड्या’ असं लिहून मोकळं झालं की नोंद चुकली. त्यातून शिपायाच्या पिल्लांना गालावरचा लाल ठिपका नसतोच आणि शेपटीखालचा रंगही फिका नारिंगी असतो. म्हणून शेपटीखाली बघू नये, शेंडी आणि गाल बघावेत. पिल्लालाही गाल पांढराच असतो.

कुटुर्ग्यांचंही असंच. दिवसभर ‘कुटुर्र, कुटुर्र’ करून रान डोक्यावर घेणारा हिरवा पक्षी दिसण्याआधी ऐकू येतो, आणि दोन जातींचे आवाज कानाला जवळपास सारखेच वाटतात. घाटातल्या दाट झाडीत असेल तर पांढऱ्या गालाचा, कोरड्या रानातल्या वडा-उंबरावर असेल तर तपकिरी डोक्याचा, असा पहिला अंदाज धरावा. मग दुर्बिणीतून फक्त डोळ्याभोवती बघावं. तपकिरी डोक्याच्या कुटुर्ग्याला तिथं पिवळसर नारिंगी उघडी कातडी असते, दुसऱ्याला गालावर पांढरा पट्टा. बाकीचं हिरवं अंग बघण्यात वेळ घालवू नये.

पट्टा कळला की महिना. जुलैत कृष्णेच्या घाटावर शेपटी वरखाली करत पळणारा काळा-पांढरा धोबी दिसला तर तो मोठा धोबीच. तो बारमाही इथला. डोकं, पाठ, छाती काळी आणि भुवई ठसठशीत पांढरी. नोव्हेंबरात तसाच पक्षी दिसला तर मात्र थांबावं, कारण आता पाहुणा पांढरा धोबीही आलेला असतो. त्याचा सगळा चेहराच पांढरा, नुसती भुवई नव्हे. पाहुण्या धोब्यांत सगळ्यात लवकर येतो करडा धोबी. पाऊस पुरता थांबायच्या आत, ऑगस्टच्या शेवटाला किंवा सप्टेंबरात, घाटातल्या ओढ्यांवर तो हजर असतो. पोटाला पिवळा असल्यामुळे त्याला ‘पिवळा धोबी’ म्हणायची चूक हमखास होते. खरा पिवळा धोबी ओल्या शेतात, गवतात, गुरांच्या पायात फिरतो. करडा वाहत्या पाण्याच्या दगडांवर राहतो आणि त्याची शेपटी बघताक्षणी लांब वाटते.

महिना पक्ष्याचे कपडेही बदलतो. जांभळा शिंजीर उन्हाळ्यात असा चमकतो की चुकायचा प्रश्नच नाही. विणीनंतर तोच नर पिवळट होतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी उभी रेघ तेवढी राहते. ती रेघ नसेल तर बहुधा मादी. वंचक पावसाळ्याच्या तोंडाला पाठीवर किरमिजी होतो, एरवी मातकट. बसलेला दिसतच नाही आणि उडाला की एकदम पांढराशुभ्र. ‘आत्ता इथं तपकिरी पक्षी होता, तो गेला कुठं आणि हा बगळा आला कुठून’ असं पहिल्या फेरीत कुणीतरी विचारतंच. पावश्या पाऊस जवळ आला की रात्रीही ओरडून झोप मोडतो, पण हिवाळ्यात गप्प असतो, आणि गप्प पावश्याला बघणारे सर्रास शिक्रा लिहितात. करडी पाठ, पोटावर आडवे पट्टे, शेपटीवर पट्टे, सगळं तसंच. चोच बघावी. शिक्र्याची आकडीसारखी खाली वळलेली, पावश्याची जवळजवळ सरळ. लहान पाखरं दोघांनाही घाबरून कलकलाट करतात, तेव्हा त्या कलकलाटावर निकाल देऊ नये.

झाडांचं थोडं वेगळं आहे. झाड पळून जात नाही, म्हणून आपण निवांत असतो आणि निवांतपणात नेमकं बघायचं राहतं. फुलाकडं धावण्याआधी पानाचा देठ जिथं फांदीला मिळतो तिथं बघावं. त्या बेचक्यात बारीक कळी असेल तर तिथून पुढं जे काही आहे ते एक पान, मग त्याला कितीही पानपत्त्या असोत. बेचक्यात कळी नसेल तर ती पानपत्ती. हा एक नियम हाताशी असला की साधं पान आणि संयुक्त पान यांतला गोंधळ संपतो, आणि झाडांची ओळख अर्ध्यावर येते. कडुलिंबाचं पान एकदा विभागलेलं, बकाणाचं दोन-तीनदा विभागलेलं. हे कळायलाही आधी पान कुठं सुरू होतं ते ठाऊक हवं.

पळस आणि पांगारा यांची जोडी जवळून बघण्यासारखी आहे. दोघांनाही तीन तीन पानपत्त्या, दोघंही फेब्रुवारी-मार्चात निष्पर्ण होऊन फुलतात. फुलात असताना कुणी चुकत नाही. पळसाच्या फुलाची पाकळी वाकडी, मखमली, नारिंगी, तर पांगाऱ्याचा तुरा फांदीच्या टोकाला, भडक लाल. चूक होते ती जुलैत, नुसती पानं असताना. तेव्हा एक पान तोडायची गरज नाही, फांदी खाली ओढून उलटं करून बघावं. पळसाची पानपत्ती जाड, चामड्यासारखी, हाताला खरखरीत. मधली पानपत्ती दोन्ही बाजूंनी सारखी, पण बाजूच्या दोन्ही पानपत्त्या तळाशी तिरक्या, म्हणजे शिरेच्या एका बाजूला पान जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी. पांगाऱ्याचं पान पातळ, मऊ, मधली पानपत्ती रुंदीला सगळ्यात मोठी. तिच्या तळाशी देठावर दोन बारीक गाठी दिसतात, त्या ग्रंथी. भिंगातून बघितल्या तर कधी कधी त्यावर मुंगी बसलेली सापडते. फांदीवर काळपट काटे असतील तर पांगाराच, पळसाला काटा नसतो. पण जुन्या पांगाऱ्याच्या खोडावरचे काटे झडून गेलेले असतात, म्हणून खोडाकडं बघून ‘काटे नाहीत, म्हणजे पळस’ असं ठरवू नये. कोवळी फांदी बघावी.

ऐन आणि अर्जुन भावंडंच. दोघांच्याही पानाच्या तळाशी ग्रंथींची जोडी असते, दोघांच्याही फळाला पाच पंख. पण ऐनाची साल काळपट आणि सुसरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची, तर अर्जुनाची गुळगुळीत, फिकट, पांढरट हिरवी. पुन्हा जागा आलीच: अर्जुन नदी-ओढ्याच्या काठाला, ऐन डोंगराच्या अंगाला. ठोसेघरच्या बाजूला उतारावर उभं राहून ‘अर्जुन’ म्हणायची घाई कुणी करत असेल तर त्याला आधी पाणी किती लांब आहे ते विचारावं.

औषधी झाड म्हटलं की लोकांना भलताच उत्साह येतो. पान चुरगाळून वास घेणं ठीक, चव घेणं नको. टाकळ्याची भाजी पावसाळ्यात सगळेच खातात, पण त्याच बांधावर कासविंदाही उगवतो. टाकळ्याला तीन जोड्या पानपत्त्या, टोकं बोथट, आणि खालच्या जोड्यांच्या मध्ये बारीक ग्रंथी. कासविंद्याला चार-पाच जोड्या, टोकं अणकुचीदार, वास उग्र, आणि ग्रंथी देठाच्या अगदी मुळाशी. कळलावीचा कंद विषारी. रामेटा दिसायला देखणा, पण तोही विषारीच. बिब्ब्याचा चीक अंगाला लागला तर फोड येतात, शेर-थोराचा चीक डोळ्यांत गेला तर दवाखाना. डिसेंबर-जानेवारीत खाजकुइलीच्या शेंगा वाळतात तेव्हा वाऱ्याच्या दिशेला उभं राहू नये, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता कास. तिथं सप्टेंबरातल्या शनिवार-रविवारी जाणाऱ्यांना गर्दी ओळखता येते, फुलं कमी. शक्य असेल त्यानं आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी लवकर जावं. आभाळी, नभाळी ही केन्याच्या कुळातली फुलं दुपारपर्यंत मिटायला लागतात आणि अकराच्या बसनं पोचलेल्याला त्यांची नुसती गोळी दिसते. दुसरं म्हणजे ‘कासचा हंगाम’ हा एक हंगाम नाहीच. जूनमध्ये पहिल्या सरींनंतर कंदवाल्या वनस्पती आधी उठतात: दीपकाडी, पांढऱ्या आमऱ्या. कंदात साठा असल्यामुळे त्यांना मातीची वाट बघावी लागत नाही. जुलै-ऑगस्टात जांभ्याच्या खळग्यांत पाणी साचलं की गेंद आणि सीतेची आसवं, आणि उथळ डबक्यात वायतुरा, ज्याचा तुरा दोन फाट्यांचा असतो. वायतुऱ्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे: अपोनोजेटॉन सातारेन्सिस. सप्टेंबरात सोनकी, तेरडा, कवला, जांभळी मंजिरी. ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत रंग सगळ्यात जास्त, पण जुलैच्या धुक्यात भिजत गेलेल्याला जे दिसतं ते सप्टेंबरवाल्याच्या वाट्याला येत नाही.

सीतेची आसवं निळी-जांभळी, बोटभर देठावर, लाखांनी. ही वनस्पती कीटकभक्षी आहे हे फलकावर वाचून लोक फुलात किडा शोधतात. तिचे सापळे फुलात नसतात. ते खाली, ओल्या मातीत, देठाच्या तळाच्या तंतूंवर टाचणीच्या डोक्याहूनही लहान फुग्यांसारखे असतात आणि पाण्यातले सूक्ष्म जीव क्षणार्धात आत ओढतात. उपटल्याशिवाय ते दिसत नाहीत, आणि उपटायचं नाही. शेजारी दवबिंदू ही दुसरी कीटकभक्षी वनस्पती असेल तर तिथं मात्र सगळं उघड्यावर आहे: तांबूस पानांवर केस, केसांच्या टोकाला चिकट थेंब, आणि त्यात अडकलेलं चिलट. ऊन चढलं तरी ते थेंब वाळत नाहीत, कारण ते पाणी नव्हेच. या दोघांची अशी गरज का, तर पायाखाली जांभ्याचा कातळ, त्यावर काही बोटं माती, आणि त्या मातीत नायट्रोजन नसल्यासारखा.

तेरडा बघताना पानांची मांडणी बघावी. कुंपणाला, रस्त्याकडेला असतो त्या नेहमीच्या तेरड्याची पानं देठावर एकाआड एक. पठारावर गुलाबी गालिचा करणाऱ्याची समोरासमोर. सोनकीच्या बाबतीत हल्ली नवाच घोळ झालाय. रस्त्याच्या कडेनं परदेशी कॉसमॉस पसरलाय, आणि नारिंगी-पिवळं दिसलं की लोक त्यालाही सोनकी म्हणून फोटो टाकतात. सोनकीची पानं एकाआड एक, कडा दातेरी. कॉसमॉसची समोरासमोर आणि गाजराच्या पानासारखी फाटलेली. ओळख पटली की तो वाढू न देण्याचंही बघता येतं, म्हणून हा फरक महत्त्वाचा.

कारवीचं फूल सात वर्षांनी येतं हे सगळ्यांना पाठ असतं, मग मधल्या सहा वर्षांत तिला ओळखायचं कसं हे कुणी विचारत नाही. टोपली कारवीची झुडपं पठारावर बसकी, गोल, आणि पानांना देठ जवळजवळ नसतो, पान केसाळ. उतारावरची उंच कारवी माणसाच्या डोक्यावर जाते, तिच्या पानाला व्यवस्थित देठ आणि शिरा खोल, समांतर. पान चिमटीत धरून देठ शोधला की झालं.

काही ठिकाणी मात्र मध्येच थांबणं हेच बरोबर उत्तर असतं. गेंदाच्या पांढऱ्या गुंड्यांत पठारावर अनेक जाती मिसळलेल्या असतात, आणि त्या वेगळ्या करायला सूक्ष्मदर्शकाखाली बी आणि फुलाचे भाग बघावे लागतात. वाटेवर उभं राहून जात लिहिणारा माणूस अंदाज करतोय असं खुशाल समजावं. हिवाळ्यातल्या वटवट्यांचंही तेच. हिरवट, लहान, पानात सतत हलणारा, एक क्षण दिसणारा. आवाज नीट ऐकला नसेल तर ‘पर्णवटवट्या, जात नक्की नाही’ असं लिहावं. अशा नोंदीला किंमत असते. खोट्या नेमकेपणाला नसते.

सामानाचं थोडक्यात. दुर्बीण ८ बाय ४२ची घ्यावी, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं असलेली. दहापटीची हात हलला की चित्र हलवते आणि झाडीत पक्षी शोधताना अरुंद पडते. पहिल्याच दिवशी ती आपल्या डोळ्यांना लावून घ्यावी: उजवा डोळा मिटून मधल्या चाकानं डाव्यासाठी चित्र स्पष्ट करायचं, मग डावा मिटून उजव्या भिंगाजवळची कडी फिरवायची, आणि पुढं ती कडी हलवायची नाही. चष्मा असेल तर डोळ्याकडच्या रबरी कडा खाली दुमडाव्यात किंवा फिरवून आत घ्याव्यात. पक्षी शोधताना नजर पक्ष्यावरून न हटवता दुर्बीण डोळ्यांशी आणावी. बहुतेक लोक आधी दुर्बिणीकडं बघतात, मग पक्षी कुठं होता ते विसरतात. दहापटीचं हातभिंग फुलाजवळ धरून लांबून बघायचं नसतं. ते डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि फूल दोन-अडीच सेंटिमीटरवर आणायचं. वहीत पेन्सिलनं लिहावं, पेन पावसात दगा देतं.

मोबाइलवरची अ‍ॅप्स कामाची आहेत, पण ती फोटोत जे आहे तेवढंच बघतात. झाडाचा फोटो म्हणून एका पानाची वरची बाजू काढली तर आयनॅचरलिस्टही काय करणार? सहा फोटो हवेत: पूर्ण झाड, खोडाची साल, फांदीवर पानांची मांडणी, पानाची खालची बाजू, फूल समोरून आणि बाजूनं, आणि असेल तर फळ. शेजारी एक नाणं ठेवलं की आकार कळतो. सुचवलेलं नाव दुसऱ्याच प्रदेशातलं नाही ना, हे तिथल्या नकाशावर बघून घ्यावं. आवाज ओळखणारं मर्लिन नकलाकारांसमोर चकतं. कोतवाल शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो, पर्णपक्षी तर एका दमात चार-पाच पक्ष्यांचे आवाज काढतो. मोबाइलनं शिक्रा सांगितला आणि समोर तारेवर दुभंगलेल्या शेपटीचा काळा पक्षी बसलेला असेल, तर डोळ्यावर विश्वास ठेवावा. कोतवालाच्या चोचीच्या मुळाशी बारीक पांढरा ठिपका असतो, तोही बघून घ्यावा. तो नसेल, रंग राखी वाटला आणि डोळा लालभडक असेल, तर तो हिवाळ्यात येणारा राखी कोतवाल.

सांगलीकरांना घरापासून चालत जाता येईल अशी जागा म्हणजे हरिपूरचा संगम. कृष्णा आणि वारणा मिळतात तिथं, आणि तिकडं जाणारा चिंचांचा रस्ता ही स्वतंत्र फेरी आहे. संगमावर बगळे मोजायला शिकावं. काळी चोच, काळे पाय आणि पिवळी बोटं तो छोटा बगळा. गुरांमागं फिरणारा, आखूड पिवळ्या चोचीचा गाय बगळा. मोठा आणि मध्यम यांत दोघांच्याही चोची हिवाळ्यात पिवळ्या, तेव्हा तोंडाची फट बघायची: मोठ्या बगळ्याची डोळ्याच्या मागं जाते, मध्यमाची डोळ्याखाली संपते. दूर पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबून सूर मारणारा तो कवड्या खंड्या. हे सगळं काठावर, पण पाण्यात पाय सोडून नव्हे. भिलवडीपासून सांगलीपर्यंत कृष्णेत मगरी आहेत, हिवाळ्यात सकाळी त्या काठावर उन्हाला येतात, आणि गाळाच्या रंगात त्या उठून दिसत नाहीत. काठाच्या वरच्या धक्क्यावरून बघावं. पक्षी तिथूनही तेवढेच दिसतात.

पूर्वेचा माळ अजूनही बहुतेकांना ओसाड वाटतो. दंडोबाच्या डोंगराकडं, आटपाडी-जतच्या बाजूला किंवा माणदेशात उन्हाळ्यात गेलं की खुरटं गवत, हिवर, बोरी, तरवड एवढंच नजरेत भरतं, आणि मग कुणाला तरी वाटतं की इथं झाडं लावली पाहिजेत. गिरिपुष्पाची रोपं खड्ड्यात उभी राहतात आणि वृक्षारोपणाचा फोटो निघतो. डोंगर उघडा पडलाय का मुळातच गवताचा आहे, हे आधी बघायला हवं. सागरेश्वरसारखं धों. म. मोहिते यांच्या पुढाकारानं उभं राहिलेलं जंगल ही मोठी गोष्ट आहे, पण प्रत्येक माळाचं सागरेश्वर करायचं नसतं. सावली झाली की डोंबारी, माळटिटवी, धाविक हे सगळे जागा सोडतात, कारण त्यांना लांबवर मोकळं दिसायला लागतं. झाडांच्या यादीत चार नावं वाढतात आणि पक्ष्यांच्या यादीतली चार कमी होतात.

टिटव्या दोन, आणि त्यांच्यातही जमीन बोलते. तलाव, कॅनॉल, ओली शेतं इथं ‘टिट्-टी-टूट’ करून ओरडणारी लाल गलोलाची टिटवी (गलोल म्हणजे डोळ्यापुढची मांसल उघडी कातडी). कोरड्या माळावर, पाण्यापासून लांब, डोक्याला काळी टोपी, तिच्याखाली पांढरी रेघ आणि डोळ्यापुढं पिवळी गलोल असलेली माळटिटवी. पायही पिवळे. ती आपल्या बहिणीच्या मानानं मवाळ, एकेका सुरात ओरडते. मार्च ते जून या काळात ती डोक्यावर घिरट्या घालायला लागली, किंवा समोर उतरून पंख ओढत लंगडायला लागली, तर अंडी जवळ आहेत असं समजावं. घरटं म्हणजे जमिनीवरचा नुसता खळगा, त्यात बहुधा चार अंडी, खड्यांच्या रंगाची. शोधायला पुढं जाऊ नये. जिथं आहोत तिथंच थांबून पायाखाली बघावं, आलेल्या पावलांवरून मागं फिरावं आणि पन्नास-साठ पावलं गेल्यावर मगच बसावं. भर दुपारी तर अजिबात रेंगाळू नये. टिटवी अंड्यांवरून उठलेली असते आणि उन्हात उघडी पडलेली अंडी फार वेळ टिकत नाहीत. दहा-पंधरा जणांचा गट असेल तर या चार महिन्यांत गाडीवाटेच्या बाहेर पाऊल टाकू नये. दुर्बीण त्यासाठीच असते.